गल कॉटेजमधली दोन बिऱ्हाडे

इंग्रजीच्या तासाला वाङ्मयातील अद्भुताची चर्चा चालू असताना मी 'द घोस्ट अँड मिसेस म्यूर' या कादंबरीचे नाव घेतले. लगेच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "म्हणजे बाईला भूत लागते, ती का?" वर्गात हशा पिकला. मीही हसले. तेवढ्यात घंटा झाली आणि उत्तर द्यायचे राहून गेले. या लेखात ते देण्याचा प्रयत्न करते.

त्या प्रश्नातले 'लागते' हे क्रियापद मला नंतर बराच वेळ टोचत राहिले. आपल्या मराठीत भूत लागते, झपाटते, मानगुटीवर बसते. पण ते सहसा कोणाला 'भेटत' नाही, आणि भेटले तरी त्याच्याशी कोणी चार गोष्टी बोलत बसत नाही. या कादंबरीतील भूत मात्र भेटते, भांडते, शिव्या देते, सल्ला देते आणि पुढे मित्र होते. मैत्रीचे प्रेम केव्हा झाले, हे त्या दोघांनाही कळत नाही. ते कळते तेव्हा करण्यासारखे काही उरलेले नसते. भुताच्या गोष्टींत मला रस नाही. एक स्त्री आणि एक पुरुष यांची मैत्री या लेखिकेने कशी जपली, आणि ती जपण्यासाठी तिला अशक्याचा आधार का घ्यावा लागला, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

प्रथम थोडी माहिती. कादंबरी १९४५ साली प्रसिद्ध झाली. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव आर. ए. डिक असे होते. हे टोपणनाव होते. त्यामागची व्यक्ती म्हणजे आयर्लंडमध्ये जन्मलेल्या जोसेफिन लेस्ली या बाई (१८९८–१९७९). पुरुषी वाटणाऱ्या आद्याक्षरांआड एक स्त्री उभी आहे, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे. १९४७ साली जोसेफ मँकिएविझ या दिग्दर्शकाने या कथेवर चित्रपट काढला. पटकथा फिलिप डन यांची, संगीत बर्नार्ड हरमन यांचे, आणि प्रमुख भूमिका जीन टर्नी व रेक्स हॅरिसन यांच्या. पुढे १९६८ ते १९७० या काळात अमेरिकेत दूरदर्शन-मालिकाही झाली, पण ती हलकीफुलकी करमणूक होती. तिचा विचार येथे करत नाही. मी चित्रपट आधी पाहिला आणि कादंबरी नंतर वाचली, त्यामुळे माझ्या विवेचनात दोन्ही येतील. खाली ज्या प्रसंगांचे तपशीलवार वर्णन आहे, ते मुख्यतः चित्रपटातले आहेत.

कथा या शतकाच्या मागच्या शतकारंभीची, म्हणजे १९००च्या सुमाराची आहे. लूसी म्यूर ही तरुण विधवा लंडनमध्ये सासू-नणंदांच्या घरात राहते. छळ म्हणावा असा कोणी करत नाही. पण तिचे उठणे, बसणे, बोलणे सगळे त्यांच्या मर्जीने चालते. एक दिवस ती सांगून टाकते की, मी वेगळे बिऱ्हाड करणार. नवऱ्याच्या मागे राहिलेले सोन्याच्या खाणीतले भाग तिच्याकडे आहेत, त्यांवर तिची थोडीफार मिळकत आहे. समुद्रकाठच्या व्हाइटक्लिफ गावी 'गल कॉटेज' नावाचे घर ती भाड्याने घेते. घर इतके स्वस्त का, याचे उत्तर दलाल देऊ इच्छित नाही. कारण उघड आहे: तेथे भाडेकरू टिकत नाही. घराचा मूळ मालक कॅप्टन डॅनियल ग्रेग याने आत्महत्या केली अशी गावाची समजूत आहे, आणि तो अजून घर सोडायला तयार नाही.

येथे आपल्याकडचा काळ आठवल्याशिवाय राहत नाही. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. तरीही १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांना वाळीत टाकले गेले. त्या मानाने लूसीचे दुःख सौम्यच. तिला ना केशवपन, ना आलवण. पण घरातल्या कोणत्या खोलीत आपण मनाप्रमाणे वागू शकतो, हा तिचा प्रश्न आपल्याकडच्या बायकांना परका वाटू नये. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ साली स्त्रीला स्वतःची खोली हवी असे आग्रहाने मांडले. लूसीला ती खोली मिळते. फक्त तिच्यात आधीच एक कॅप्टन राहत असतो.

दोघांची पहिली गाठ स्वयंपाकघरात पडते. बाहेर वादळ, हातात मेणबत्ती, ती पाणी तापवते आहे, आणि दिवा विझतो. भयकथेतली नायिका येथे किंचाळली असती. लूसी मात्र रागावते. बायकामाणसांना घाबरवण्यात कसला पुरुषार्थ, अशा अर्थाचे ती अंधाराला सुनावते. अंधारातून उत्तर येते, आणि त्यानंतर जे होते ते चक्क घरमालक आणि भाडेकरू यांच्यातील बोलणे आहे. कोणती खोली कोणाची, मुलीला त्रास द्यायचा नाही, आपले तैलचित्र शयनगृहात लावले पाहिजे, अशा अटी ठरतात. ते चित्र काही फारसे चांगले नाही, हेही लूसी त्याला सांगून टाकते. मला हा सगळा भाग फार आवडतो. प्रेमकथांत पहिल्या भेटीला नजरा मिळतात आणि वीज चमकते. येथे बिऱ्हाडाच्या अटी ठरतात. मृत्यूविषयीचा गैरसमजही असाच साध्या बोलण्यात दूर होतो. वादळी रात्री खिडक्या बंद करून तो शेगडीजवळ झोपला होता आणि झोपेत पाय लागून गॅस सुरू झाला. गावाने त्याला आत्महत्या ठरवले. गावाला जे कळले नाही ते तिने विचारले, इतकेच.

ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त अशा अर्थाचे म्हटले आहे की, न पटणाऱ्या शक्य गोष्टीपेक्षा पटणारी अशक्य गोष्ट कवीने पसंत करावी. हे मत आपण परीक्षेत अनेकदा लिहितो. त्याचे इतके साधे उदाहरण मला दुसरीकडे आढळले नाही. या कथेत अशक्य गोष्ट एकच आहे: मेलेला माणूस बोलतो. ती एकदा मान्य केली की पुढे जादू नाही, शाप नाही, उःशाप नाही. घरभाडे आहे, आटलेली मिळकत आहे, आगाऊ सासू आहे, अंगणातले झाड तोडावे की ठेवावे यावरून झालेले भांडण आहे. कॅप्टनने हौसेने लावलेले झाड लूसी तोडायला लावते आणि तेथे गुलाब लावते. तो चिडतो, ओरडतो, आणि ऐकून घेतो.

आता मुद्द्याकडे येते. या दोघांना एकत्र आणण्यासाठी अशक्याची योजना आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. माझ्या मते तिचे काम उलटे आहे. ती त्यांना एकत्र येऊ देत नाही, आणि म्हणूनच त्यांना बोलत राहता येते. कॅप्टन जिवंत असता तर काय झाले असते? एक अविवाहित दर्यावर्दी आणि एक तरुण विधवा एका घरात. महिन्याभरात गावाने त्यांना नाव ठेवले असते, सासूने तिला परत नेले असते, किंवा घाईघाईने दोघांचे लग्न लागले असते. मैत्रीला वाढायला जो रिकामा वेळ लागतो तो त्यांना कोणीच दिला नसता. आपल्याकडेही मुलगा आणि मुलगी यांची मैत्री टिकवायची तर तिला आधी एखादे मान्य नाव द्यावे लागते. 'मानलेला भाऊ' ही आपली तोड. राखी बांधली की मग उपाहारगृहात बसून चहा पिता येतो. (राखी बांधून मग पस्तावलेली माणसे आपल्या सर्वांच्या माहितीत असतील, असो.) कॅप्टनचे मृत असणे हीच या कथेतली राखी आहे. तिच्या आधारावर लूसी त्याच्याशी निर्धास्तपणे बोलते. आणि आपल्याला अनुभव आहे त्याप्रमाणे, ती राखी पुढे दोघांच्याही आड येते.

आपल्या साहित्यशास्त्राच्या भाषेत हे सांगता येईल का, याचा मी थोडा विचार केला. 'साहित्यदर्पणा'त विश्वनाथाने विप्रलंभ शृंगाराचे चार प्रकार दिले आहेत: पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण. यांपैकी करुण-विप्रलंभ म्हणजे प्रेमिकांपैकी एकाचा मृत्यू झाला आहे, पण पुनर्मीलनाची आशा सुटलेली नाही, अशी अवस्था. याचे प्रसिद्ध उदाहरण बाणभट्टाच्या 'कादंबरी'तले पुंडरीक आणि महाश्वेता. ज्या ग्रंथाच्या नावावरून आपण मराठीत 'नॉव्हेल'ला कादंबरी म्हणू लागलो, त्याच ग्रंथात एक स्त्री मृत प्रियकराची वाट पाहत सरोवराकाठी बसली आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. परंतु दोन्ही कथांतला क्रम अगदी उलटा आहे. महाश्वेता आणि पुंडरीक यांच्यात आधी दृष्टिभेट आणि प्रेम, मग मृत्यू, मग प्रतीक्षा. लूसी आणि कॅप्टन यांच्यात आधी मृत्यू, मग ओळख, मग भांडण, मग मैत्री आणि सर्वांत शेवटी प्रेम. महाश्वेतेला पुंडरीकाचा स्वभाव कितपत माहीत होता? लूसीला मात्र कॅप्टनची प्रत्येक शिवी माहीत आहे.

शिव्यांवरून ते पुस्तक आठवले. सोन्याची खाण आटते. सासू-नणंद बातमी घेऊन येतात आणि आता परत चल म्हणतात. कॅप्टन त्यांना आपल्या पद्धतीने घराबाहेर काढतो, पण पैशाचा प्रश्न उरतोच. तेव्हा तो सुचवतो की, माझ्या दर्यावरील आयुष्याची हकीकत मी सांगतो, तू टंकलेखन कर आणि छापून आण. पुस्तकाचे नाव 'ब्लड अँड स्वॅश'. या लेखनाचे प्रसंग म्हणजे माझ्या मते संपूर्ण कथेचा गाभा. एक असभ्य शब्द टंकित करायला लूसी नकार देते. कॅप्टन म्हणतो, तोच शब्द पाहिजे. ती बराच वेळ थांबते आणि मग चार अक्षरांवर चार वेळा बोट आपटते. चित्रपटात तो शब्द आपल्याला कोणीही सांगत नाही. फक्त यंत्राचे चार आवाज ऐकू येतात.

याच बैठकांत तो आपल्या बालपणाविषयी बोलतो. त्याला वाढवले ते एका अविवाहित बाईने. ती त्याची मावशी की आत्या, हे इंग्रजी भाषेच्या दारिद्र्यामुळे आपल्याला कळू शकत नाही. पोरवयात तो घर सोडून समुद्रावर पळाला. हे सांगताना त्याच्या बोलण्यात पराक्रमाचा सूर असतो. लूसी टंकलेखन थांबवते आणि त्या बाईचा विचार करू लागते. चिखलाचे पाय घेऊन घरात शिरणारे पोर गेल्यावर ते घर किती शांत झाले असेल, असे काहीसे ती म्हणते. कॅप्टनला ही बाजू आयुष्यात कधी सुचलेली नव्हती. मेल्यानंतर सुचवायला कोणी भेटले. मला विचाराल तर मैत्रीचे प्रेम होते ते येथे. कोणी कोणाची स्तुती केलेली नाही, कोणी कोणाला पाहून मोहरलेले नाही. एकाच्या आयुष्यातली जुनी गोष्ट दुसऱ्याने नीट ऐकली आणि तिच्यातली राहून गेलेली व्यक्ती दाखवून दिली. त्याने तर तिला नावही वेगळे दिलेले असते. लूसी हे नाव त्याला पुळचट वाटते, म्हणून तो तिला 'लूशिया' म्हणतो.

वर ज्या टोपणनावाचा उल्लेख केला, त्याचा धागा येथे जुळतो. लूसी जे पुस्तक प्रकाशकाकडे नेते ते एका रांगड्या खलाशाचे आत्मकथन आहे, आणि ते लिहून काढले आहे एका सभ्य विधवेने. जोसेफिन लेस्ली यांनी आपली कादंबरी पुरुषी नावाने प्रसिद्ध केली. पुरुषाच्या आवाजाशिवाय काही शब्द स्त्रीला उच्चारता येत नाहीत, ही त्या काळची वस्तुस्थिती कादंबरीच्या आतही आहे आणि मुखपृष्ठावरही आहे. आमच्या एका प्राध्यापकांचे मत असे की, कॅप्टन हे लूसीच्या मनाचेच दडपलेले रूप आहे. भूत वगैरे काही नाही, एकाकी स्त्रीची ती कल्पना. या मताला कादंबरीत आधार आहे हे मान्य केले पाहिजे. चित्रपटात कॅप्टन डोळ्यांना दिसतो. कादंबरीत तो दिसत नाही, लूसीला त्याचा आवाज मनात ऐकू येतो, एवढेच. तरीही सरांविषयी पूर्ण आदर ठेवून मला हे मत मान्य करता येत नाही. कॅप्टन जर तिचीच कल्पना असेल, तर त्याने तिला न आवडणाऱ्या गोष्टी का सांगाव्यात? कल्पनेतला मित्र आपल्याला हवे ते बोलतो. हा मनुष्य तिला माहीत नसलेली बंदरे सांगतो, तिला नको असलेला शब्द लिहायला लावतो. मुख्य म्हणजे, तू जिवंत माणसांत मिसळले पाहिजेस, असे तोच तिला बजावतो. मित्राचे मन आपल्या मनाहून वेगळे असते, म्हणून तर तो मित्र. सरांच्या अर्थाने वाचल्यास कथेतले भूत जाते, पण त्याबरोबर मैत्रीही जाते, आणि मागे फक्त एक आजारी बाई उरते. चित्रपटात तर लूसीची मुलगी ॲना मोठेपणी सांगते की, लहानपणी तीही कॅप्टनशी बोलत असे.

जिवंत माणूस भेटतो तो प्रकाशकाच्या कचेरीत. माइल्स हा लेखक आहे, गोडबोल्या आहे, आणि विवाहित आहे. शेवटची गोष्ट तो लूसीला सांगत नाही. कॅप्टन जळतो, कुरकुरतो आणि मग एका रात्री लूसी झोपेत असताना निरोप घेतो. हे सगळे तू स्वप्नात पाहिलेस, पुस्तकही तूच लिहिलेस, असे तो तिच्या मनावर बिंबवतो. आपण दोघांनी एकत्र पाहायला हवे होते अशा समुद्रांची, किनाऱ्यांची नावे घेतो आणि दिसेनासा होतो. हा प्रसंग अतिशय सुंदर आहे; रेक्स हॅरिसनचा आवाज आणि हरमनचे संगीत यांमुळे तो विसरता येत नाही. परंतु जितक्या वेळा मी तो पाहिला तितक्या वेळा मला कॅप्टनचा राग आला. त्याग करायचा तर स्वतःचा करावा. तिच्या आठवणीही काढून घेण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? स्वयंपाकघरात अंधाराशी भांडणाऱ्या बाईला तो निर्णयात सामील करून घेत नाही. प्रियकर होण्याच्या क्षणी तो मित्र राहत नाही. लंडनला गेल्यावर लूसीला माइल्सच्या बायकोकडून सत्य कळते, तेव्हा तिच्याजवळ ना तो असतो, ना हा, ना याची आठवण.

कादंबरीत आठवण पुसण्याचा हा प्रकार नाही. तेथे लूसीला मुलगी आहे तसा सिरिल नावाचा मुलगाही आहे, मुलांचे संसार आहेत, आणि कॅप्टन मधूनमधून गप्प होतो, रुसतो, पुन्हा बोलू लागतो. लग्न होऊन वीस वर्षे झालेल्या जोडप्यासारखी त्यांची कुरबुर चालते. चित्रपटातली तीव्रता कादंबरीत नाही; पण मैत्रीच्या दृष्टीने पाहिले तर मला कादंबरी अधिक प्रामाणिक वाटते.

चित्रपटात वर्षे जातात ती समुद्राच्या लाटांतून. किनाऱ्यावरच्या एका लाकडी खांबावर छोट्या ॲनाचे नाव कोरलेले असते. ते लाटांनी झिजत जाते आणि खांब कलत जातो. लूसी म्हातारी होते. एका संध्याकाळी खुर्चीत बसली असता हातातला दुधाचा पेला पडतो, आणि समोर कॅप्टन उभा राहतो. तो हात पुढे करतो. खुर्चीतून उठते ती तरुण लूसी; म्हातारी तेथेच बसलेली राहते. दोघे जिन्याने खाली येतात. जुनी मोलकरीण मार्था जवळून जाते, तिला काही दिसत नाही. दार उघडते, बाहेर धुके आहे.

आमच्या मैत्रिणींपैकी बहुतेक जणी येथे रडल्या. मलाही डोळे पुसावे लागले. पण एक गोष्ट खटकली ती खटकलीच. ती तरुण का व्हावी? ज्या बाईने त्याच्याशी घरभाड्यावरून, झाडावरून, एका शब्दावरून वाद घातला ती कोणत्या वयाची आहे, याच्याशी कॅप्टनला काय कर्तव्य? पांढऱ्या केसांची, काठी टेकत चालणारी लूसी त्याचा हात धरून त्या धुक्यात गेली असती, आणि वाटेत त्याला ऐकवले असते की, तुझे ते तैलचित्र खरोखरच चांगले नव्हते, तर मी अधिक रडले असते.